भिकाजीचो वाटो

“आजी, दोरी सोडा! ओ आजी, तुम्हालाच सांगतोय!”

रिझॉर्टचा मॅनेजर देशमाने भोंग्यातून ओरडला आणि सगळा किनारा आमच्या आयेकडे बघायला लागला. पिवळ्याधमक टी-शर्टातले पाहुणे, निळ्या टी-शर्टातले आमचे रापणकर, घोडेवाला, शहाळेवाला, बनाना बोटीवर बसायला रांगेत उभी राहिलेली माणसं, सगळे. आये मात्र ढिम्म. लुगड्याचा काष्टा खोचलेला, पाय वाळूत रुतवलेले आणि दोन्ही हात दोरीवर. दर्याकडे तोंड करून ती अशी उभी होती की जणू भोंगा दुसऱ्याच कुणासाठी वाजतोय.

मी तिथेच होते. हातात कोकम सरबताचे पेले भरलेला ट्रे आणि अंगावर रिझॉर्टचा आकाशी एप्रन. आठवडाभर मी त्यांच्या धुलाईखान्यात पाहुण्यांच्या चादरी धुवायचे, आणि रविवारी दुपारी हा रापणीचा खेळ असला की किनाऱ्यावर सरबत वाटायचे. पाहुणे दोरी ओढून दमतात ना, म्हणून. आमचे बापजादे जन्मभर दोरी ओढून मेले, त्यांना कुणी पेला धरला नव्हता.

रापण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून जाळं दर्यात अर्धगोल टाकत नेतात. एक दोरी किनाऱ्यावर ठेवून होडी निघते आणि लांबून वळसा घालून दुसरी दोरी किनाऱ्यावर आणते. मग दोन्हीकडून माणसं ओढत राहतात. एक-दोन माणसांचं ते काम नाही, अख्खी वाडी लागते. म्हणूनच आमच्या देवखोल गावात पहिल्यापासून रीत आहे, ज्याने दोरीला हात लावला त्याचा वाटा. म्हातारा असो, पांगळा असो, वाटेने जाणारा परका असो. जाळं वर आलं की मासळीचे वाटे वाळूवर मांडतात आणि म्होरक्या एकेका घराच्या नावाने हाक मारतो. हाक आली की उठायचं आणि आपला वाटा उचलायचा.

आमच्या घराची हाक होती ‘भिकाजीचो वाटो’. भिकाजी म्हणजे माझे वडील. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी हाक त्यांच्याच नावाची. कारण त्यांच्यामागे आये रोज पहाटे जाऊन दोरीला लागायची. ताप असला तरी जायची. मी एकदा म्हटलं, “आये, आज रव घरात, माशावाचून मरूचे नाय आपण.” तर माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. “एकदा हाक चुकली की कायमची चुकता. ज्या घराचो हात नाय, त्या घराचा नाव नाय,” म्हणाली. मला वाटायचं, म्हातारीचं नवऱ्याच्या नावाचं वेड आहे. बरं, असू दे.

तर त्या दिवशी देशमान्याचा भोंगा ऐकून रावजीतात्या धावत आले. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ आणि रापणीचे म्होरके. निळ्या टी-शर्टात त्यांचं पोट मावत नव्हतं आणि छातीवर रिझॉर्टचं नाव ताणून बसलं होतं. त्या माणसाचा वाडीत केवढा दरारा! पण त्या दिवशी नजर खाली घालून आयेला म्हणाले, “वयनी, जरा बाजूक रव गो. हे लोक फोटो काढतत.”

“काढूंदेत. मी खंय मोडतंय त्येंचो फोटो?”

“तुझ्याकडे टी-शर्ट नाय ना. साहेबांनी सांगितल्यानी, टी-शर्टवालो तोच दोरीवर.”

“भावजी, रापणीक कपडो कधीपासून लागूक लागलो?”

तात्या खजील झाले. बिचाऱ्यांची गोची होती, हेही सांगायला हवं. जुनं जाळं कुजलं होतं. नवीन जाळं रिझॉर्टने घेऊन दिलं, आणि बदल्यात दर रविवारी दुपारी पाहुण्यांसाठी रापण ओढून दाखवायची असं ठरलं. आता भर दुपारी, बाजूला बनाना बोटी आणि जेट-स्की बोंबलत असताना मासा जाळ्यात कशाला मरायला येईल? दर रविवारी यायचे ते दोन खेकडे, मूठभर मांदेली आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल. त्यातही पाहुणे खूश. त्यामुळे तात्यांनी मनाची समजूत घातली होती.

“वयनी, ही काय खरी रापण नाय,” ते हळूच म्हणाले. “हो खेळ. खेळात हात लावलंस काय, नाय लावलंस काय, सारख्याच. उद्या फाटफटी, उजाडायच्या आधी ये, तुझी जागा खंय जातली?”

“जाळा खरा आसा ना?” आये म्हणाली. “दर्यो खरो आसा ना?”

तेवढ्यात सहदेव पुढे आला. हा माझा सख्खा चुलतभाऊ. आयेला मुलगा नाही, मी एकटीच, आणि मी ही अशी नवऱ्याकडून परत आलेली. नवरा मला मारायचा. एके दिवशी मीही त्याला उलट हाणलं आणि माहेरची वाट धरली. झालं, तेव्हापासून वाईट मी. आयेने डोळे मिटले की आमची रापणीतली जागा सहदेवाच्या घरात जाणार, हे तो बाजारात, बंदरावर, देवळात सगळीकडे सांगत फिरायचा. आये आहे तोवर थांबावं एवढाही दम त्याला नव्हता.

तो आला आणि काही न बोलता आयेची बोटं दोरीवरून सोडवायला लागला. एकेक बोट. सत्तरी ओलांडलेल्या सख्ख्या काकूची बोटं! वर हसत पाहुण्यांना म्हणतो, “म्हातारी आहे, तिला कळत नाही.”

मी ट्रे सोडून दिला. पेले वाळूत पडले, सरबत एका बाईच्या पांढऱ्या पॅंटवर उडालं, ती किंचाळली, मला कशाचीच शुद्ध नव्हती. मी सहदेवाची कॉलर धरली. “हात काढ मेल्या! शिरा पडो तुझ्या तोंडार! जिच्या हातची पेज पिऊन वाढलास तिची बोटां मोडतस?”

“जयवंती!” देशमाने धावत आला. काळा चष्मा, पांढरे बूट, वाळूत रुततायत म्हणून पाय उचलून उचलून चालणारा. “काय तमाशा आहे हा? पाहुणे बघतायत.”

“बघू देत की! तुम्हीच म्हणता ना, अस्सल कोकण दाखवायचं? हे बघा अस्सल. ती माझी आई आहे.”

“अगं, त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय. पडल्या, लागलं, तर जबाबदारी कोणाची? आणि जाहिरातीचा फोटो आहे आज. सगळे टी-शर्टमध्ये, मध्येच एक… तू समजून घे ना.”

“मध्येच एक काय?”

तो आवाज गोड करून म्हणाला, “हे बघ, मासळीचाच प्रश्न आहे ना? मी किचनमधून त्यांना किलोभर मासे देतो. स्वच्छ, बर्फातले. मग तर झालं?”

अहो, मला हसावं की त्याच्या तोंडात मारावी ते कळेना. दर्याच्या काठावर जन्म काढलेल्या बाईला हा बर्फातला मासा दान देणार! मी काहीतरी घाण बोलणार होते, तेवढ्यात आयेचाच आवाज आला.

“जयू, गप रव. हयसर येऊन बस.”

ती दोरी सोडून मागे सरली होती आणि लाटेच्या ओल्या रेघेपाशी वाळूत बसली होती. हाताची बोटं चोळत. माझा विश्वासच बसेना. ही बाई पोलीसपाटलाला तोंडावर शिव्या देणारी, आणि आज गप बसते? मी तणतणत जाऊन तिच्याशेजारी बसले.

“आये, तू सोडलंस कशाक?”

“बस म्हटला ना.”

देशमान्याने गाणं लावलं. कसलंतरी धिंगाण्याचं, त्यात कोळी हा शब्द आला की पाहुणे ओरडायचे. तो भोंग्यातून “वन, टू, थ्री, पुल!” म्हणायचा आणि पिवळे टी-शर्ट ओढायचे. प्रत्येक टी-शर्टाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘मी रापण ओढली!’ एक जण तर दोरीला पाठ लावून स्वतःचाच फोटो काढत होता. निळे टी-शर्टवाले मधे मधे उभे राहून खरं ओढत होते, मान खाली घालून. गाण्याच्या तालावर रापण ओढायची त्यांना लाज वाटत होती, ती मला त्यांच्या माना बघूनच कळत होती.

बराच वेळ असंच चाललं. मग आयेने माझं मनगट धरलं. “पक्षी बघ,” म्हणाली.

जाळ्याच्या घेरावर पांढरे पक्षी गोळा झाले होते. एक खाली सुटला, मग दुसरा, मग पाऊसच लागला त्यांचा. खाली पाणी काळपट दिसत होतं आणि ते काळपट पाणी हलत होतं. तात्यांनीही तेव्हाच बघितलं. त्यांनी दोरी छातीशी घेतली आणि असे ओरडले की भोंगा फिका पडला.

“गाणी बंद करा! बंद करा ती गाणी! बांगडो आसा, बांगडो! दोन्ही अंगांन सारख्या ओढा, जाळा तिरक्या होऊक देव नकात!”

एका क्षणात सगळा खेळ संपला. देशमाने “प्रोग्रॅम, प्रोग्रॅम” करत राहिला, त्याला कुणी विचारलं नाही. निळे टी-शर्ट वाकले, दोऱ्या ताणल्या, पाण्यातून करकर आवाज यायला लागला. पाहुण्यांनाही काहीतरी कळलं. हसणं थांबलं आणि ते खरंच ओढायला लागले. आये उठून धावली. हो, धावली, त्या वयात. दोरीपाशी गेली आणि हात घालायला जागा शोधायला लागली. सहदेवाने खांदा आडवा घातला.

“जागा नाय, काकी. भरली दोरी.”

ती पुढे गेली. तिथे पाहुणे. त्यांच्यातला एक तिला म्हणाला, “आजी, लाइनमध्ये या ना.” ती तशीच मागे येऊन माझ्याजवळ बसली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. राग नव्हता तिथे, भीती होती. माझ्या आयेला मी त्याआधी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

जाळं वर आलं तेव्हा त्याच्या पोटात चांदीच चांदी होती. बांगडा, नुसता बांगडा, तडफडणारा. किती वर्षांत एवढी मासळी रापणीला लागली नव्हती. पाहुणे नाचत होते, मुलं मासे हातात धरून किंचाळत होती, तात्या डोळे पुसत होते. मग त्यांनी वाटे मांडायला घेतले आणि मांडता मांडता त्यांचा हात अडखळला.

कारण आता हा खेळ राहिला नव्हता. मासळी आली म्हणजे रापण झाली, आणि रापण झाली म्हणजे रीत आली. ज्याचा हात दोरीवर, त्याचा वाटा. दोरीवर कोण होतं? पिवळे टी-शर्ट. कुठल्या कुठल्या गावचे, काल आलेले, आज जाणारे. आणि भिकाजीच्या घराचा हात दोरीवर नव्हता. तात्यांनीच तो काढायला लावला होता.

“आधी गेस्ट,” देशमाने म्हणाला. एकाने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणून वाटायला सुरुवातही केली.

“तात्यानू, भिकाजीकाकांचो वाटो आज नाय हां,” सहदेव मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “रीत ती रीत. उगाच माया करू नकात.”

तात्या नुसते वाटे सारखे करत राहिले. मी उठून सहदेवाकडे निघाले होते, पण माझ्याआधी आये उठली. ती मासळीकडे गेलीच नाही. उलट्या दिशेने, पाण्याकडे गेली. दोरी अजून गुंडाळली नव्हती, तिचं टोक लाटेत पडलं होतं. आयेने ते उचललं, वाळूत फतकल मारून बसली आणि दोरी दोन्ही हातांनी धरून मांडीवर घेतली.

सगळे रापणकर जागच्या जागी थांबले.

पाहुण्यांना काय कळणार? पण आम्हाला कळलं. आमच्या रापणीत दोरीवर हात असेपर्यंत हाक मारत नाहीत. माणूस दोरीला आहे म्हणजे रापण अजून चालू आहे, आणि चालू रापणीची मासळी कुणी उचलायची नाही. दोरी गुंडाळून जाळ्यावर ठेवली की मगच पहिली हाक. आणि कुणाच्या हातातली दोरी कुणी हिसकावत नाही. सहदेवाने मघाशी बोटं सोडवली तीही म्हणे खेळ म्हणून. आता तसं म्हणायची सोय उरली नव्हती.

“काय झालं?” देशमाने विचारायला लागला. “वाटा ना लवकर. चेक-आउट आहे लोकांचं.”

“वाटूक गावूचा नाय,” तात्या म्हणाले. “दोरीर हात आसा.”

“मग काढा तो हात!”

“तुमी काढा साहेब,” तात्या म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं ताठ बोलणं.

देशमाने आयेकडे गेला, वाकला, हसला, “आजी, आजी” केलं. आयेने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक पाहुणा तावातावाने आला. “आम्ही ॲक्टिव्हिटीचे पैसे भरलेत. तुमच्या आपसातल्या भांडणाशी आम्हाला काय करायचंय?” मी त्याला म्हटलं, “तुम्ही पैसे भरले ते रिझॉर्टला. दर्याला किती भरले?”

ऊन होतं. बांगडा उन्हात फार वेळ टिकत नाही, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत. घारी वर घिरट्या घालत होत्या. कावळे तर वाट्यांपर्यंत आले. रापणकरांचा जीव वरखाली होत होता, त्यांच्या घरचीच मासळी ती. तरी कुणी आयेला “सोड” म्हणालं नाही. बाजारात मासळी विकणाऱ्या आमच्या वाडीच्या दोघी विधवा, रुक्मीण आणि सगुणा, टोपल्या घेऊन आल्या होत्या. त्यांनाही टी-शर्ट नव्हता म्हणून मघाशी लांब उभं केलं होतं. त्यांनी टोपल्या पालथ्या घातल्या, आयेच्या दोन बाजूंना येऊन बसल्या आणि दोरी हातात घेतली.

मघाशी जिच्या पॅंटवर माझं सरबत उडालं होतं, ती बाई माझ्यापाशी आली. साताऱ्याकडची होती. म्हणाली, “काय चाललंय हे? मला नीट सांग.”

मी सांगितलं. रागारागाने, अर्धं मालवणीत, पण सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग कुडत्यावर चढवलेला तो पिवळा टी-शर्ट डोक्यातून काढला, त्याची व्यवस्थित घडी केली आणि देशमान्याच्या हातावर ठेवली. “माझा वाटा नको,” म्हणाली. “एका म्हातारीला हटवून मी तिथं उभी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

शेवटी तात्या आयेसमोर येऊन उकिडवे बसले.

“वयनी, चुकलंय मी. टी-शर्ट काय घातलंय, माझी अक्कलच गेली. सोड आता. तिघींचेय वाटे घालतंय. पैली हाक भिकाजीची मारतंय, मग तर झाला?”

मला वाटलं, जिंकलो. आता आये सोडणार. रुक्मीण आणि सगुणाने हात काढलेही. पण आयेने दोरी आणखी घट्ट धरली.

“भिकाजीची हाक माका नको.”

“म्हणजे?”

“भिकाजी मेलो, भावजी. तुमी खांदो दिलास त्येका. मेल्या माणसाच्या नावान किती वरसां मासो घेऊ? मी अशी किती दिस आसंय? मी गेलंय की दुसऱ्या दिसा हो सहदेव सांगतलो, भिकाजीचा घर बंद झाला.” ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. “मी फाटफटी उठान येतंय ती माशासाठी नाय. जागा राखूक येतंय. माझ्या चेडवाची जागा. हाक मारायची तर तिच्या नावान मारा.”

मी तिथेच उभी होते. इतका वेळ मी तिच्यासाठी भांडत होते ना! तिचा अपमान, तिची बोटं, तिचा वाटा. आणि ती इतकी वर्षं, तापात, थंडीत, कमरेतून वाकून, माझ्यासाठी दोरीला लटकत होती. मला एका शब्दाने बोलली नव्हती.

“चेडवाच्या नावान?” सहदेव ओरडला. “कधी ऐकलास असा? ती नवऱ्याक सोडून इलली बाई! उद्या परत जायत, मग काय जागा सासरी नेतली? तात्यानू, असा केलास तर रापण मोडात.”

“गप रे,” आये म्हणाली. “तो हिका मारी तेव्हा तू खंय होतस? भाऊ म्हणान गेललस विचारूक?” मग ती तात्यांकडे वळली. “मेलेल्याचा नाव घेऊक तुमका लाज नाय वाटली. जित्या चेडवाचा घेऊक वाटता?”

तात्यांनी वर मान करून रापणकरांकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे. एक म्हातारा रापणकर हळूच म्हणाला, “दोरी ओढूक हात लागतत, तात्या. पोरां सगळी बनाना बोटीर गेली. ती इली तर बरांच.” बाकीचे नुसते उभे राहिले, पण नको कुणी म्हणालं नाही. तात्या उठले. निळा टी-शर्ट त्यांनी अंगातून ओढून काढला, पोट सुटलं एकदाचं, आणि छातीभर श्वास घेऊन हाक मारली.

“जयवंतीचो वाटोऽऽ!”

माझ्या आयुष्यात इतक्या मोठ्याने माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. मी जागची हललेच नाही. आये ओरडली, “उचल की गो! कावळे नेतीत!” आणि तिने दोरी सोडली. तिच्या तळव्यांना दोरीचे लाल वळ उठले होते.

मी एप्रन सोडला, त्यातच मासळी भरायला लागले. देशमाने वरून म्हणाला, “तो एप्रन रिझॉर्टचा आहे. आणि उद्यापासून कामावर यायची गरज नाही.”

“उद्या कशाला? आत्ताच नाही,” मी म्हटलं. “आणि एप्रन धुऊन पाठवते. धुवायलाच तर ठेवली होती ना मला.”

माशांचा वास त्या एप्रनमधून कधी गेला नाही, असं मागाहून कळलं. बरं झालं. देशमाने पुढच्या हंगामाला बदलून गेला. त्या दिवशीचा फोटो मात्र रिझॉर्टच्या फाटकावर लागला. दोरी धरून बसलेली आये, मागे दर्या, वर लिहिलेलं, ‘अस्सल अनुभव’. तो काढा म्हणून मी दरवर्षी भांडायला जाते, दरवर्षी ते हो म्हणतात, आणि अजून तो तिथेच आहे. बघितला की अंगाची लाही लाही होते. आये आता नाही, फोटो आहे, आणि त्याखाली तिचं नावसुद्धा नाही.

पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी देशमान्याला नाही, सहदेवाला शिव्या देत होते. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तो असा, त्याची आये अशी, त्याला मी बघून घेईन. मासळीचं गाठोडं डोक्यावर, डोळ्यांतून पाणी, आणि तोंड चालूच. आये शेजारून कमरेवर हात ठेवून चालत होती.

“झाला तुझा?” शेवटी ती म्हणाली.

“नाय झाला! आये, तू माका सांगूक नको होता आधी?”

“सांगून काय करतलंस? तेव्हापासूनच भांडत रवली असतंस.” ती थांबली, दम घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आता ऐक. रापण फाटफटी असता. मी उद्यापासून येवचंय नाय, माझे हात गेले. तू लवकर नीज. आणि उशिरा गेलंस, हाक चुकवलंस, तर सहदेवाच्या आधी मी तुका धरून मारीन.”

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर होते.